नळाला मानवेल असा मासा

मुंबईत ॲक्वेरियमच्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हटलं की दुकानदार एका मोठ्या टँकसमोर आणून उभं करतो. आत पिवळे, निळे, नारिंगी मासे एकमेकांच्या मागे लागलेले असतात. हे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, सिक्लिड कुळातले मासे. दिसायला देखणे, पण घरी आणल्यावर पुष्कळांचा रंग उतरतो, काही पोट फुगून मरतात, आणि माणूस ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून टँक माळ्यावर टाकतो. भानगड बरेचदा पाण्याची असते. मलावीचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, अल्कधर्मी, पीएच पावणेआठ ते साडेआठच्या घरात. टांगानिका सरोवराचं तर नऊपर्यंत जातं. आपल्या नळाला येतं ते भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर, विहार, तुळशी अशा तलावांमध्ये साठलेलं पावसाचं पाणी. त्यात चुना बेताचाच. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या नळाचं पाणी माझ्या टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, वर्षातले बहुतेक दिवस शंभराच्या खाली असतं.

पाणी जड करता येतं. प्रवाळाची वाळू, शिंपल्यांचा चुरा घालतात, तयार क्षारही विकत मिळतात. मुंबईत मलावीचे मासे वर्षानुवर्षं उत्तम ठेवणारे आणि त्यांची पिल्लं काढणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण दर आठवड्याला पाणी बदलायचं आणि दर वेळी बादलीत आधी मलावी तयार करायचं, हे माझ्याच्याने होण्यातलं नव्हतं. आमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळातच येतं, आणि त्याच वेळात डबे, मुलाची शाळा आणि माझी लोकल. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. नळाला जे येतं त्यात सुखाने राहील असा आफ्रिकेतला मासा कुठला, ते आधी शोधलं.

तो आफ्रिकेच्या पश्चिमेकडे सापडला. नायजेरियाचा दक्षिण भाग, नायजर नदीच्या मुखाजवळचे ओढे, तिथून कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत. शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पुल्कर. दुकानात क्रिबेन्सिस आणि बोलताना नुसतं क्रिब. नर चार इंचांच्या आसपास, मादी तीन. हे जोडीने राहतात, कपारीत अंडी घालतात आणि पिल्लं दोघं मिळून सांभाळतात. मलावीच्या माद्या अंडी तोंडात धरून कित्येक दिवस उपाशी फिरतात, तसला प्रकार इथे नाही. दोन फुटी टँक एका जोडीला पुरतो. सिक्लिडवाल्यांमध्ये हा नवशिक्यांचा मासा समजतात, आणि ते खरंच आहे. सोप्या माशात बघण्यासारखं काही नसतं हा जो समज आहे, तो मात्र साफ चुकीचा.

आमचं घर मालवणी. घरात मासा पिशवीतून येतो आणि तव्यावर नाहीतर तिखल्यात जातो. टँक बघून सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, “ह्ये खावचे नाय, तर मगे घरात कित्याक हाडलंस गो?” मी त्यांना सांगितलं की बाजारात स्वस्तात मिळणारा चिलापी, म्हणजे तिलापिया, तोही आफ्रिकन सिक्लिडच. १९५२ साली तो आपल्या देशात आणला, आणि आता आपल्या शेजारच्या पवई तलावातसुद्धा त्याचंच राज्य आहे. केरळवाल्यांची करीमीन याच कुळातली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मगे चिलापीच हाडूचो होतो.”

टँक चोवीस इंच लांब, बारा रुंद, बारा उंच. काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर पाणी बसतं, आणि काच, वाळू, स्टँड धरून वजन पाऊणशे किलोच्या वर जातं. जुन्या इमारतीत एवढं वजन खोलीच्या मधोमध ठेवायचं नाही, भिंतीलगत ठेवायचं. खिडकीचं ऊन थेट पडणार नाही अशी भिंत आमच्याकडे एकच, देवघराच्या बाजूची, त्यामुळे जागेवरून वाद झाला नाही. खाली बारीक वाळू, कारण क्रिबना उकरायची सवय असते आणि खडीवर त्यांचं काही चालत नाही. एक लाकडाचा ओंडका, त्याला दोऱ्याने बांधलेल्या जावा फर्न आणि ॲन्युबियस या पाणवनस्पती. ॲन्युबियस मुळात पश्चिम आफ्रिकेतलंच. फिल्टर म्हणाल तर एअर पंपावर चालणारा साधा स्पंजचा. महागड्या फिल्टरची ओढ इतकी असते की पुढे येणारी पिल्लं त्यात शोषली जातात.

टँक लावल्या लावल्या मासे सोडू नका असं सगळेच सांगतात, का ते थोडेच सांगतात. माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून अमोनिया सुटतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू स्पंजात आणि वाळूत वसायला महिना-दीड महिना लागतो. ओळखीतल्या एकाने आपल्या जुन्या टँकमधला काळा पडलेला स्पंज दिला, तो मी नव्या स्पंजाशेजारी ठेवला आणि काम लवकर झालं. दिसायला ओंगळ, पण नवीन टँकवाल्याला द्यायला याहून चांगली भेट नाही.

मऊ पाण्याची एक खोड आहे. त्यात आम्ल जिरवायची ताकद कमी, त्यामुळे टँक जुना होत जातो तसा पीएच घसरत जातो, आणि सहाच्या खाली गेला की हेच जिवाणू सुस्तावतात. यावर आमच्याकडे उपाय फुकटात होता. रविवारी जेवणात तिसऱ्या झाल्या की उरलेल्या शिंपल्या घासून, उकळून सुकवायच्या आणि मूठभर कोपऱ्यात टाकायच्या. त्या अगदी हळू विरघळतात. पाणी फार जड होत नाही, पीएच कोसळतही नाही. चांगल्या शिंपल्या निवडून ठेवायचं खातं सासूबाईंनी स्वतःहून आपल्याकडे घेतलं.

मासे आणायला क्रॉफर्ड मार्केटला जाता येतं, पण मला कुर्ल्याचा रविवारचा बाजार जास्त आवडतो. तिथे पहाटेच जावं लागतं. फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या असतात, विकणारे मोबाइलचा उजेड पिशवीवर मारून मासा दाखवतात आणि घेणारे झोपेतून उठून आल्यासारखे दिसत असले तरी घासाघीस जागेपणी करतात. ‘ब्रीडिंग पेअर’ म्हणून मोठे मासे विकायला असतात, पण पिशवीत एक नर आणि एक मादी घातली की जोडी होत नाही. मी इंचभराची सहा पिल्लं घेतली. इतक्या लहानपणी नर-मादी सांगणं कठीण. थोडी मोठी झाली की मादी ठेंगणी, पोटाने गोल दिसते. नराचा पाठीवरचा पर मागे टोकदार होत जातो, अंग लांबट राहतं. विकणारा म्हणाला, “मॅडम, छे लिया ना, अब वो लोग खुद देख लेंगे।” अगदी तसंच झालं.

या माशात पुढाकार मादीचा. सगळ्यांत लवकर वयात आलेल्या मादीने एक नर हेरला आणि त्याच्यापुढे आडवी होऊन, अंगाचा अर्धगोल करून थरथरायला लागली. पोट पुढे, शेपूट वळवलेली. त्या वेळी तिच्या पोटाचा रंग आमच्या घरच्या कोकमाच्या आगळासारखा होतो, आणि पोट त्याच्या डोळ्यांसमोरच राहील अशी काळजी ती घेत असते. तो आधी पळाला. नंतर पळायचा थांबला. एकदा जोडी जमली की टँक त्यांचा, आणि बाकीच्यांना वरच्या एका कोपऱ्यात उभं राहण्यापुरती जागा. परांच्या चिंध्या व्हायला लागल्या तशी मी उरलेली चार दुकानात देऊन आले. त्यांच्या जागी झेब्रा डॅनिओचा छोटा थवा आणला. हा आपल्याकडचा, गंगेच्या खोऱ्यातला मासा, चपळ आणि बेफिकीर. वर असे मासे निर्धास्त फिरताना दिसले की क्रिबही दडून बसत नाहीत. दुसरा फायदा असा की नराला हाकलायला कोणीतरी मिळतं, नाहीतर तो राग मादीवर निघतो.

अंडी घालायला गुहा लागते. दुकानात त्यासाठी चिनीमातीचे किल्ले आणि कवट्या मिळतात. आमच्या घरी नारळ रोज फुटतो. चांगली जाड अर्धी करवंटी घेतली, आतलं खोबरं आणि बाहेरची शेंडी खरवडून काढली, दोन-तीनदा उकळली आणि पाण्याला रंग सुटायचा कमी झाल्यावर काठाला कानशीने दरवाजा पाडला. दरवाजा मादीच्या अंगाच्या मापाचा, नराला जरा अंग चोरून जावं लागेल असा. वाळूत पालथी दाबून ठेवली. मादीने त्याच रात्री आतली वाळू तोंडाने उचलून बाहेर टाकायला सुरुवात केली, आणि मग तीच वाळू परत दाराशी लोटून दार अजून अरुंद केलं. मी कानशीने काढलेलं माप काही तिला पसंत पडलं नव्हतं.

बदामाची पानंही अशीच फुकटची. मुंबईत रस्तोरस्ती जे पसरट बदामाचं झाड असतं, त्याची लाल होऊन गळलेली पानं. हीच पानं पाकिटात घालून ‘कॅटापा’ म्हणून चांगल्या पैशांना विकतात. रहदारीच्या रस्त्यावरची किंवा जंतुनाशक फवारलेल्या बागेतली घ्यायची नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत एक झाड आहे, तिथून पूर्ण सुकलेली वेचून, धुऊन एक-दोन पानं टँकमध्ये टाकायची. पाणी चहाच्या रंगाचं होतं, थोडं आम्लधर्मी होतं, आणि नायजेरियातल्या पानं कुजलेल्या ओढ्यांच्या जवळ जातं. पाहुण्यांना पाणी खराब झालंय असं वाटतं. वाटू दे.

एप्रिल-मे कठीण गेले. क्रिबना चोवीस ते अठ्ठावीस अंश बरं. आमच्या टँकमधलं पाणी एकतीसला जाऊन बसलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी टिकतो, मासे पृष्ठभागाशी येतात, खाणं टाकतात. बर्फ टाकणं वगैरे मला पटत नाही, तापमान एकदम खाली-वर झालं की ते जास्त बाधतं. टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावून ठेवला. वाफ होताना पाणी थंड होतं, दोनेक अंशांचा फरक सहज पडतो. त्याची किंमत म्हणजे पाणी रोज खाली जातं आणि रोज भर घालावी लागते. त्यात पाणीकपात लागली. इमारतीत बोअरचं पाणी वापरायला येतं, पण त्याला मी टँकला हात लावू देत नाही, त्याचा टीडीएस सात-आठशेच्या घरात आहे. टँकरचंही तेच, कुठून भरलंय कोण सांगणार? माशांसाठी एक लहान पिंप वेगळं ठेवलं. सकाळी नळाचं भरायचं, रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरिन बराचसा उडून जातो, आणि वर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, दोन-चार खडे.

मग पाऊस आला. हवा उतरली, टँकचं पाणी सत्तावीसवर आलं, आणि पिंपातलं पाणी त्याहून थोडं गार. मी पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवलं आणि खाणं सुधारलं. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, अधूनमधून डासांच्या अळ्या. ब्लडवर्मची पाकिटं फ्रीझरमध्ये सुरमईच्या शेजारी ठेवावी लागतात, यावर घरात एक बैठक झाली आणि झाकणाचा वेगळा डबा आला. जोडीचं पुन्हा नाचणं सुरू झालं, पण आता नर तिच्याआधी करवंटीत जाऊन बघून यायचा. एके दिवशी मादी आत गेली ती गेलीच. खाणं टाकलं तर झपकन बाहेर, दोन घास आणि परत आत. नर दाराशी गेला की त्याला ढुशी. ही अंडी घातल्याची खूण. करवंटी उचलून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिला हात लावायचा नाही. अंडी छताला चिकटवलेली असतात, ती खाली उलटी लोंबतात आणि मादी परांनी सतत वारा घालत असते.

त्या खेपेची अंडी त्यांनीच खाल्ली. पहिलटकर जोडीत हे अगदी नेहमीचं. दोन दिवसांनी मादी सगळीकडे मोकळी फिरायला लागली, तेव्हाच समजलं. मुलाला फार वाईट वाटलं. सासूबाई म्हणाल्या, पहिल्यांदाचं कोणाला जमतं.

पुढची खेप मात्र टिकली. सत्तावीस अंशांना अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, पण पिल्लं तेव्हा पोहत नाहीत. पोटाला चिकटलेल्या बलकावर आणखी चार-पाच दिवस ती करवंटीतच वळवळत असतात. त्या काळात बाहेरून काहीच कळत नाही. मी कामावर असताना दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्या मला कामाच्या वेळी फोन करत नाहीत, त्यामुळे आधी पोटात गोळा आला. पलीकडून आवाज आला, “पोरां भायर काढल्यान गो!”

संध्याकाळी जाऊन बघितलं. मादी वाळूपासून बोटभर उंचीवर, रंग पूर्ण चढलेला, आणि तिच्या पोटाखाली करड्या ठिपक्यांचा एक ढग. प्रत्येक ठिपक्याला नीट बघितलं तर दोन डोळे आणि मागे शेपटीचं टोक. ढग तिच्याबरोबर सरकतो. डॅनिओपैकी एखादा खाली उतरला की ती पोटाखालचे पर दोन-तीनदा झटकते, आणि अख्खा ढग तत्क्षणी वाळूवर बसतो. वाळूच्या रंगाचे असल्यामुळे दिसेनासाच होतो. नर डॅनिओला कोपऱ्यापर्यंत पिटाळून येतो, ती पुन्हा हलते, ढग पुन्हा उठतो. हे मी काचेला नाक लावून कितीदा बघितलं असेल. रात्री दिवा मालवायच्या सुमाराला दोघं मागे राहिलेली पिल्लं तोंडात टिपून करवंटीच्या दाराशी नेऊन थुंकतात. दिवा एकदम घालवायचा नाही. आधी टँकचा, मग थोड्या वेळाने खोलीचा, म्हणजे त्यांना पोरं गोळा करायला वेळ मिळतो. डॅनिओंना मी दुसऱ्याच दिवशी टबात हलवलं. त्यांच्यासमोर इतकी पिल्लं म्हणजे पंगतच होती.

दोघंही वाळूवर अंग घासून खालचा गाळ उडवतात, आणि पिल्लं त्यातलं काही बारीक टिपतात. बदामाचं कुजकं पान नर तोंडात घेऊन चावतो आणि त्याचा भुगा ढगात सोडतो. तरी तेवढ्यावर भागत नाही. ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक किडे, द्यावा लागतो, आणि खरी मेहनत ती. लिटरभराची बाटली बूड कापून उलटी टांगायची, त्यात तीसेक ग्रॅम मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, तळापर्यंत एअर पंपाची नळी आणि वर दिवा. आपल्या हवेत चोवीस ते तीस तासांत नारिंगी किडे बाहेर पडतात. हवा बंद केली की रिकामी कवचं वर तरंगतात आणि किडे खाली उजेडाकडे जमतात. ते नळीने ओढून, जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिल्लांना द्यायचे. कवचं पोटात गेली तर पिल्लं दगावू शकतात, म्हणून घाई उपयोगाची नाही. एक बाटली आज, दुसरी उद्या, असं चक्र लावलं की रोज ताजं मिळतं. खाल्ल्यावर पाच मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात. तेवढं दिसलं की त्या दिवसाची काळजी मिटली.

पिल्लं जेमतेम पाव इंचाची झाली असतील तेव्हा आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी धुवायला काढली. टाकी धुवायलाच हवी, तक्रार त्याबद्दल नाही. पण आदल्या दिवशी लावायची सूचना त्याच दिवशी सकाळी फलकावर लागली, आणि ब्लीचिंग पावडरचा हात सढळ होता. नळ सोडल्यावर नुसत्या वासाने डोळे चुरचुरले. पिंपात आदल्या दिवशीचं पाणी होतं म्हणून निभावलं. काही दिवस टँकला फक्त त्यातलंच जपून घातलं. आमच्याच जिन्यातल्या एकांचा फ्लॉवरहॉर्न मासा त्या दिवशी गेला. तेव्हापासून मी समितीतल्या काकांना महिन्याच्या सुरुवातीलाच विचारून ठेवते. विजेचीही तयारी आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती, तेव्हापासून सेलवर चालणारा छोटा एअर पंप घरात असतो.

तीनेक आठवड्यांनी घरात बिनसलं. नराला पुन्हा अंडी हवी, मादी आधीची पिल्लं सोडायला तयार नाही, किंवा कधी उलटं. एकजण पिल्लं आपल्याकडे ओढतो, दुसरा अंगावर जातो. अशा वेळी पिल्लं काढून घ्यायची. मी टँकचंच पाणी आणि जुना स्पंज घालून दुसरा टब तयार केला आणि पिल्लं नळीने ओढून त्यात सोडली. साठेक होती. यांची वाढ पाण्यावर असते. थोडं-थोडं दिवसातून तीन-चारदा खाणं आणि दर दोन दिवसांनी पाव भाग पाणी बदलणं, यात हयगय झाली की मोठी मोठी होतात आणि लहान तशीच राहतात. कमरेला हात लावून बादल्या वाहण्याचं जे काही असतं ते याच काळात.

पोटाला रंग चढायला चार महिने तरी लागतात. तेव्हा कळलं की बहुतेक सगळे नर. हे नशीब नाही. क्रिबमध्ये पिल्लांची लिंगं नुसत्या जन्मजात गुणांवर ठरत नाहीत, पहिल्या काही आठवड्यांतल्या पाण्याचा पीएचही त्यात ढवळाढवळ करतो. पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त, सातच्या जवळ असेल तर माद्या वाढतात. शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलंय. माझी बदामाची पानं, चहाच्या रंगाचं पाणी आणि सहाच्या आसपास उतरलेला पीएच यांचा हिशेब बरोबर लागला. जोडीला जे पाणी आवडलं, त्यानेच पोरगेच पोरगे दिले.

इतके मासे घरात राहणार नव्हते. काही ओळखीत गेले, पण आधी त्यांच्या टँकचं वय विचारूनच. एकाने सुचवलं, पवई तलावात सोडून द्या, मोकळे राहतील. चिलापीने तिथे काय केलंय ते बघूनही लोक असं सुचवू शकतात! परका मासा तलावात नको, नाल्यात नको, गणपतीच्या विसर्जनाच्या हौदातही नको. नकोसा झाला तर दुकानात नेऊन द्यावा, दुकानदार घेतात. मी उरलेले आमच्या नेहमीच्या दुकानात नेले. त्याने पिशवी उजेडाकडे धरून फिरवली आणि म्हणाला, “सब मेल है मॅडम। कलर तो फीमेल का बिकता है।” तरी घेतले, आणि बदल्यात आर्टेमियाचा एक डबा दिला. पैसे मागितले असते तर याहून कमीच मिळाले असते असं वाटतं.

आता करवंटीत नवी अंडी आहेत. या वेळी पानं काढून टाकली आहेत, शिंपल्या वाढवल्या आहेत, आणि पीएच सातच्या अगदी थोडा खाली राहतोय. दुकानदाराशी बोलणं झालंय: माद्या निघाल्या तर तो जोडीमागे रोख देणार आहे, वर एक स्पंज फिल्टर. सासूबाईंनी मध्येच विचारलं, पैसे मिळणार असतील तर त्यात त्यांच्या शिंपल्यांचे किती.